जुनी डिझेल गाडी घेताना: आधी कागद, मग थंड इंजिन, मग पैसे



सोयाबीन निघून हातात थोडा पैसा फिरायला लागला की ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. आपली स्वतःची गाडी पाहिजे. कारणंही खरी असतात. भाजीचे क्रेट खामगाव नाहीतर चिखलीच्या बाजारात न्यायचे तर गाडीवाला मागेल ते भाडं द्यावं लागतं. डाळ मिल चालवणाऱ्या गटाला ऑर्डर येते, पण माल पोचवायला वेळेवर गाडी भेटत नाही. लग्नसराईत तर विचारूच नका. नवी गाडी झेपत नाही, म्हणून नजर जुन्या गाडीवर जाते: छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, मॅजिक, ट्रॅक्स. मग कोणाचा तरी भाचा सांगतो, "मावशी, एक गाडी आहे माझ्या पाहण्यात, पण दोन दिवसांत उचलावी लागेल."

ही दोन दिवसांची घाई फार महाग पडते. शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीतून उभा राहिलेला पैसा आणि वर बँकेचं कर्ज, असं मिळून दोन-तीन लाख आपण अर्ध्या तासाच्या पाहणीवर देऊन टाकतो. साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, काठ ताणून पाहतो. गाडी मात्र रंग पाहून घेतो.

मी शिकले समाजकार्य. गाड्यांचं जे काही कळतं ते गटांसोबत गाड्या पाहायला जाऊन आणि मिस्त्री लोकांना प्रश्न विचारून विचारून कळलं. त्यातलं जे तुम्हाला स्वतःला पाहता येईल, तेवढंच इथं लिहिते. मिस्त्री सोबत न्यायचाच आहे. पण तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि त्याची मजुरी आपण द्यायची. फुकट पाहणी करून देणारा मिस्त्री कोणाच्या तरी दलालीवर चालतो.

आणखी एक सांगून ठेवते. नव्या प्रवासी गाडीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना आणली होती. गटातल्या बाईला गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची त्यात तरतूद होती. माणसं ने-आण करण्याचा धंदा करायचा विचार असेल तर आधी तालुका अभियान व्यवस्थापन कक्षात तिची चौकशी करा, मगच जुन्याच्या मागे लागा. आणि ओमनी किंवा ईको कोणी 'डिझेलची आहे' म्हणून दाखवत असेल तर तिथूनच परत या. त्या गाड्या कंपनीने डिझेलमध्ये काढल्याच नाहीत.

नंबर मागा, मग गावाला जा

गाडी पाहायला निघण्याआधी विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि आरसी बुकाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. जो नंबर द्यायला आढेवेढे घेतो त्याच्याकडे जायचं भाडंसुद्धा खर्च करू नका. नंबर मिळाला की मोबाइलवर एमपरिवहन अॅपमध्ये टाकायचा. आपल्या सीआरपी ताईंपैकी बऱ्याच जणींना हे येतं. त्यात गाडी कधी नोंदली, डिझेल की पेट्रोल, पासिंग कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, आणि गाडीवर कोणत्या बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. ई-चलान वेगळं पाहायचं. न भरलेले दंड किती साठलेत ते कळलं की ती रक्कम किमतीतून वजा करायला सांगता येते.

आरसीवर पहिल्यांदा मालकाचं नाव पाहा. समोर बसून सौदा करणारा माणूस आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का? पुष्कळदा नसतो. आपल्याकडे काय होतं, पहिला मालक कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकतो. मग ती त्याच सह्यांवर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे फिरते. आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर. अशी गाडी घ्यायची असेल तर पहिल्या मालकाला स्वतः भेटायचं, त्याचं आधार पाहायचं, सही समोर घ्यायची. तो सापडत नसेल तर ती गाडी आपली नाही. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, तेही दाखवा म्हणायला लाजू नका.

बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. "हप्ते संपलेत, फक्त कागद यायचा बाकी आहे" असं कोणी म्हटलं तर कागद आल्यावर पैसे देऊ म्हणायचं. हप्ते थकलेली गाडी फायनान्सवाले ओढून नेतात. तेव्हा ती तुमच्या अंगणात उभी असली तरी त्यांना फरक पडत नाही.

पासिंगचं गणित नीट समजून घ्या, कारण धंद्याच्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीचा वर्षाचा खर्च यावरच ठरतो. नवी गाडी आली की पहिली दोन वर्षं पासिंग असतं. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी करायचं आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. शिवाय आठ वर्षांवरच्या धंद्याच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर लागतो. म्हणून सात वर्षांची आणि नऊ वर्षांची गाडी यांत नुसता दोन वर्षांचा फरक नसतो. पासिंगला नेण्याआधी दरवेळी ब्रेक, लाइट, पत्रा, रंग यांचं काम निघतं. 'पासिंग आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, तारीख वाचा. महिनाभरात संपणारं पासिंग म्हणजे तो खर्च तुमच्या डोक्यावर.

विम्याचंही तसंच. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला १६,०४९ रुपये धरला आहे, वर जीएसटी. बऱ्याच ताईंना हा आकडा ऐकून धक्का बसतो, कारण डोक्यात मोटारसायकलचा विमा असतो. संपलेल्या विम्याची गाडी वीस हजारांनी स्वस्त मिळाली म्हणजे स्वस्त मिळालीच नाही.

एमएच २८ सोडून दुसऱ्या राज्याची पाटी दिसली, खास करून दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशची, तर थोडं थांबा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी चांगली असूही शकते. पण तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथला रोड टॅक्स, नवा नंबर, एवढं सगळं करून मग बेरीज करा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरपाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का तेही पाहा.

शेवटी गाडीजवळ गेल्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक अंक लावून पाहायचा. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसाच. अंकाजवळ घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर पुढचं काही पाहायचंच नाही.

इंजिन थंड पाहिजे

आता गाडी. सकाळी लवकर जायचं आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की गाडी चालू करू नका. तरी गंमत पाहा. एका गटासोबत मी गेले होते, तर दादा हसतमुखाने म्हणाले, "ताई, तुम्हाला खोळंबा नको म्हणून सकाळीच चालू करून ठेवली बरं का." गटाच्या अध्यक्षताईंनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला. त्या म्हणाल्या, "भाऊ, मग आम्ही चहा घेऊन, बाजार करून येतो. चार तासांनी पाहू." दुपारी गाडीने सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली, पण चालू झाली नाही. पुढं धक्का मारायला गावातली पोरं बोलवावी लागली.

थंड इंजिनाचा एवढा आग्रह का, ते समजलं की बाकी सगळं सोपं होतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे तुम्ही हात लावून पाहिलं असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात पिस्टन हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबतो, ती इतकी तापते की त्यात नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. आता पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर हवा बाजूने निसटते, दाब पुरत नाही, हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. गरम इंजिनात हा दोष लपतो, कारण लोखंड आधीच तापलेलं असतं. थंडीत सकाळी मात्र लपवता येत नाही. रिंग-पिस्टन गेलेलं इंजिन म्हणजे पूर्ण इंजिनकाम, आणि त्या खर्चात गटाचा वर्षभराचा नफा जातो. (हिटर प्लग असलेल्या इंजिनात तो गेला तरी सकाळी त्रास होतो. ते काम त्या मानाने किरकोळ असतं. दोन्हीतला फरक मिस्त्री सांगेल.)

थंड इंजिन चालू केलं की एकीने सायलेन्सरमागे उभं राहायचं. सुरुवातीला क्षणभर पांढुरका धूर आला आणि गेला तर चालतं. पांढरा धूर येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाही, किंवा रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बो, काहीतरी गेलंय. काळा धूर रेस दिल्यावर थोडा येणं जुन्या गाडीला नवल नाही, पण सतत येत असेल तर नोझल किंवा डिझेल पंपाचं काम आहे, नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय. फिल्टर स्वस्त, पंप महाग. काळ्या धुरावर कोणी "फिल्टर बदलला की झालं" म्हणालं तर हसून म्हणायचं, "मग तुम्हीच बदलून द्या भाऊ, आम्ही परवा येतो."

मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायच्या भोकाचं झाकण सैल करून पाहायला मिस्त्रीला सांगा. झाकण थुईथुई नाचायला लागलं, तिथून चुलीच्या फुंकणीसारखी हवा आणि धूर फेकला गेला, तर दाबलेली हवा रिंगांजवळून खाली येतेय. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. थोडी वाफ येणं वेगळं आणि फेकणं वेगळं. एकदा शेजारी एखादी चांगली गाडी उघडून पाहिली की दोन्हीतला फरक विसरणार नाही.

ऑइलची पट्टी इंजिन बंद असताना ओढायची. डिझेल इंजिनाचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते ताकासारखं पांढुरकं असेल तर, कारण त्यात पाणी मिसळलंय. ऑइल पाण्यासारखं पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तेही वाईट. अगदी नवं कोरं, मधासारखं ऑइल दिसलं तर कधी बदललं आणि का, हे विचारा. विकायच्या आधी जाड ऑइल ओतलं की निळा धूर आठ-पंधरा दिवस दबतो. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे लहान पोरांनाही सांगून ठेवा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट गेलं असं समजा.

किलोमीटरच्या आकड्यावर फार जाऊ नका, तो मागे फिरवता येतो. पायाखालच्या पॅडलचं रबर, स्टेअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हरच्या सीटचा खड्डा खोटं बोलत नाहीत. चाळीस हजार चाललेल्या गाडीच्या क्लचचं रबर गुळगुळीत कसं होईल?

घाट चढवल्याशिवाय हो म्हणू नका

आपल्या जिल्ह्याला देवानेच गाडी तपासायची जागा देऊन ठेवली आहे. घाटाखालची गाडी असेल तर राजूर घाटातून बुलढाण्याला चढवा, खामगावकडची असेल तर बोथा घाटातून. गावात दोन गल्ल्या फिरवून काही कळत नाही. किमान पंधरा-वीस किलोमीटर चालवा, आणि मागे चार-पाच पोती तरी वजन ठेवा. रिकामी गाडी कोणतीही बरी चालते.

चढावर रेस वाढतेय, इंजिन ओरडतंय, पण गाडी त्या मानाने पुढं सरकत नाही, तर क्लच प्लेट गेली. काट्यावर लक्ष ठेवा, तापमान चढत चाललंय का? मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबरात जेमतेम टिकणारा रेडिएटर तिथं उकळणारच. उतारावर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, गियर सुटून न्यूट्रल होतो का, हे पाहायचं. सरळ रस्त्यावर मागून घोंघों आवाज वेगासोबत वाढत असेल तर डिफरन्शियल किंवा बेअरिंग.

वर पोचल्यावर इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. काही गाड्या थंड असताना चालू होतात आणि गरम झाल्या की रुसतात. तो दोष डिझेल पंपाचाही असू शकतो. बाजाराच्या दिवशी भाजी भरलेली गाडी रस्त्यात बंद करायची भीती वाटायला लागली तर गाडी काय कामाची?

खाली वाकून पाहणं आपल्याला अवघड वाटतं, चार माणसं पाहतात म्हणून. मोबाइलची बॅटरी लावायची आणि एक चटई टाकून पाहायचंच. केबिनच्या लगेच मागे चेसिसवर सगळ्यात जास्त ताण येतो. तिथं वेल्डिंग, तडा किंवा वरून ठोकलेली जादा पट्टी दिसली तर गाडीने आयुष्यभर क्षमतेबाहेर माल ओढला आहे. मागचे पाटे दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, एखादा तुटलेला नाही ना, तेही पाहा. खताची पोती वाहणाऱ्या गाडीचा तळाचा पत्रा गंजून पापड होतो, वर नवी शीट अंथरलेली असते. ती उचला. टायरवर चार अंकी आकडा असतो, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी दिसत असली तरी फार जुना टायर कडक होतो. लाइट, हॉर्न, वायपर, जॅक, स्टेपनी पाच मिनिटांत होतं.

बीएस-६ गाड्यांबद्दल एक वेगळी गोष्ट, कारण आता २०२० नंतरच्या गाड्याही जुन्या बाजारात यायला लागल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. काही गाड्यांना युरियाचं पाणीही भरावं लागतं. हा फिल्टर साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि थोडी वेगात चालावी लागते, म्हणजे आतली काजळी जळून जाते. गावातून फाट्यावर आणि फाट्यावरून गावात, अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर तो चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ताकद सोडते. काही जण तो कापून पाइप जोडून टाकतात. अशी गाडी पीयूसी आणि पासिंगला अडकेल. तुमचं काम जर सगळं छोट्या फेऱ्यांचंच असेल तर कोणती गाडी घ्यायची याचा विचार इथंही करा. माझं मत विचाराल तर पाच-सहा क्विंटल माल आणि गावाभोवतीचं काम असेल तर साधं, टर्बो नसलेलं जुन्या पद्धतीचं छोटं इंजिन बरं. ते हळू चालतं, पण त्याचं काम खेड्यातला मिस्त्रीही करतो.

किती माल, आणि किती माणसं

आरसीवर दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडी कायद्याने किती ओढू शकते ते कळतं. समजा भरलेली १,५०० किलो आणि रिकामी ८००, तर राहिले ७००. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतीचं वजन वजा करा, तर अर्ध्या क्विंटलची अकरा-बारा पोती. तुमच्या गटाचा माल एका फेरीला याच्या दुप्पट असेल तर गाडी छोटी पडतेय. ती रोज दुप्पट भरून चालवायची आणि सहा महिन्यांत पाटे मोडायचे, यात हित नाही.

माणसांचा विषय मला जास्त काळजीचा वाटतो. मालाच्या गाडीत माल असतो आणि मागच्या हौद्यात आठ-दहा बाया बसून बाजाराला जातात, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत केबिनमध्ये बसला असेल तर त्याला संरक्षण मिळतं. हौद्यात बसवलेल्यांना, भाडं घेऊन असो की फुकट, विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग ती भरपाई गाडी ज्या बाईच्या नावावर आहे तिच्यावर येते. बायांना न्यायचंच असेल तर प्रवासी परवान्याची गाडी घ्या, आणि आरसीवरच्या आसनांइतक्याच बसवा. बैठकीत हा ठराव गाडी घ्यायच्या आधी करा, नंतर कोणीच ऐकत नाही.

गाडी कोण चालवणार हेही तेव्हाच ठरवा. साडेसात टनांच्या आतली धंद्याची गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे लायसन्स असलेली सदस्य किंवा तिचा मुलगा-मुलगी चालवू शकते.

नावावर झाली म्हणजे झाली

बचत गट ही सहसा नोंदणी झालेली संस्था नसते, म्हणून गाडी बहुतेक वेळा एका सदस्याच्या नावावर येते. तुमची उत्पादक कंपनी नोंदलेली असेल तर कंपनीच्या नावावर घेणं सगळ्यात चांगलं. सदस्याच्या नावावर घेणार असाल तर ठराव, लेखी करार आणि आरसीवर नॉमिनीचं नाव (२०२१ पासून ही सोय आहे), हे तिन्ही करून घ्या. त्या ताईच्या घरच्यांनाही करार वाचून दाखवा. उद्या तिचं बरं-वाईट झालं तर गाडी कोणाची यावरून दिराशी भांडण नको.

सौदा ठरला तरी पूर्ण पैसे एकदम देऊ नका, आणि शक्यतो बँकेतून द्या. इसार दिला तर पावतीवर 'गाडी नावावर झाली नाही तर इसार परत' हे लिहून घ्या. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून गाडी आपली होत नाही, ती फक्त चिठ्ठी. फॉर्म २९ विकणाऱ्याचा आणि फॉर्म ३० घेणाऱ्याचा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करायला अर्ज १४ दिवसांत.

विकणाऱ्यालाही हे सांगा, त्याच्याच हिताचं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव बदललं नसेल तर अपघाताची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याचीच, गाडी प्रत्यक्षात कोणाकडेही असो. हे ऐकल्यावर टाळाटाळ करणारा माणूस स्वतःच आरटीओत यायला तयार होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

किंमत ठरवताना गाडीच्या किमतीवर निदान पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा. घेतल्या घेतल्या ऑइल, सगळे फिल्टर, पट्टे, ब्रेक लायनिंग बदलायचंच आहे. सगळे पैसे गाडीत गेले आणि पहिल्याच महिन्यात बॅटरी बसली, असं झालं की गटात कुरबूर सुरू होते आणि हप्ता थकतो.

पाहायला जाताना किमान दोन सदस्यांनी स्वतः जायचं, एकीच्या हातात वही. दादा, भाऊ, भाचे सोबत असू द्या. गाडीभोवती फिरून 'चांगली आहे' म्हणणारे पुष्कळ असतात, पण कर्जाच्या कागदावर सही तुमची आहे.

ज्या गटांचं या हंगामात गाडी घ्यायचं चाललंय, त्यांनी आरसीचा फोटो आणि नंबर पाहायला जायच्या दोन दिवस आधी आपल्या सीआरपी ताईंकडे द्या. आपण मिळून ऑनलाइन तपासून घेऊ. शनिवारी पाहायला जाणार असाल तर शुक्रवारी रात्री विकणाऱ्याला पुन्हा एक फोन करून सांगा, "भाऊ, गाडी थंड ठेवा."